भाऊजींचा डावा कान

माझ्या ताईचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, सुतार आहेत आणि स्वतःला फार शहाणे समजतात. ते सुतार आहेत यात शंका नाही. मी नाकाचं ऑपरेशन करून घेतलं तेव्हापासून ते मला 'रंधा मारलेली' म्हणतात. माझं जुनं नाक मोठं होतं, मला आवडत नव्हतं, मी ते लहान करून घेतलं. पण भाऊजींना प्रत्येक जेवणात तोच विषय लागायचा. "चांगलं धडधाकट नाक कोणी कापून घेतं का? नटवेपणा नुसता!" मी ताईकडे बघून गप्प बसायची, आणि गप्प बसणं मला अजिबात जमत नाही.

मग मध्ये कुत्रा आला. एका गिऱ्हाइकाने त्याच्यासाठी लाकडी घर करायला सांगितलं होतं. घर पोचवल्यावर आतला सांधा नीट बसलाय का हे बघायला भाऊजींनी त्यात डोकं घातलं. कुत्रा आधीच राहायला गेला होता. भाऊजींच्या डाव्या कानाचा वरचा अर्धा भाग त्याने घेतला, तो काही परत मिळाला नाही.

जखम भरली, पण भाऊजी बदलले. भर उन्हाळ्यात कानटोपी घालून रंधा मारायला लागले. गिऱ्हाइकं विचारायची, "ताप आहे का?" हे म्हणायचे, "हो." ताई रडकुंडीला आली. शेवटी माझं नाक करणाऱ्याच डॉक्टरीणबाईंकडे जायचं ठरलं, कारण आमच्या ओळखीत तेवढ्या एकच होत्या.

निघताना भाऊजींनी मला बजावलं, "हे बघ, मी काही तुझ्यासारखा नटायला चाललेलो नाही. मला कानावर पेन्सिल ठेवावी लागते. कामाचा प्रश्न आहे."

दवाखान्यात पोचल्यावर त्यांनी आधी सगळ्या खुर्च्या हलवून बघितल्या आणि एकीचा पाय डुगडुगतो म्हणून काउंटरवरच्या मुलीला सुनावलं. आत गेल्यावर पिशवीतून रुमालात गुंडाळलेला एक सागवानी कान काढला आणि बाईंच्या टेबलावर ठेवला. पॉलिशसुद्धा केलेला होता. बाई बघतच राहिल्या.

"एवढा मोठा?"

"ओला माल सुकला की आकसतो. म्हणून थोडा वाढवून धरलाय."

"आणि वर ही खाच?"

"पेन्सिलची. आमची चपटी असते."

मला हसू आवरेना. ताईने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

बाईंनी शांतपणे समजावलं. बरगडीची कूर्चा, म्हणजे तिथलं मऊ हाड, काढायची. ती कोरून कानाचा आकार करायचा आणि कातडीखाली बसवायचा. काही महिन्यांनी पुन्हा टेबलावर घेऊन तो डोक्यापासून सुटा करायचा. भाऊजी मान डोलावत ऐकत होते.

"म्हणजे माल माझाच," ते म्हणाले.

"तुमचाच. पण पेन्सिलसाठी मी कोणाची छाती उघडत नाही. पेन्सिल खिशात राहते, दुसऱ्या कानावरही राहते. तुम्हाला खरा त्रास काय होतो?"

"पेन्सिलचाच."

"मग या तुम्ही."

बाईंनी फाईल मिटली. ताईचा चेहरा पडला. आता हा माणूस जन्मभर कानटोपीत राहणार आणि माझी बहीण त्याच्यापायी कुढत बसणार, हे मला स्पष्ट दिसलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात भाऊजींनी टोपी काढली.

"मला कपाटाला आरसा बसवता येत नाही," ते म्हणाले. "म्हणजे बसवतो, पण डोळे मिटून. तिरके बसतात. लोक परत आणून देतात."

कोणी हसलं नाही. मीसुद्धा नाही.

"बायको वाढायला आली की मी ती बाजू भिंतीकडे करून बसतो. मला बघवत नाही हो ते. पण असं म्हटलं तर ते नटणंच झालं ना? मग मी हिला कुठल्या तोंडाने..." त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि थांबले.

माझ्याकडे टोमण्यांचा मोठा साठा होता, जपून ठेवलेला. त्यातला एकही बाहेर येईना. मला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून रागही आला.

"हे आधी सांगायचं," बाई म्हणाल्या. "होतं ते गेलं, ते पुन्हा उभं करायचं, ही रिकन्स्ट्रक्टिव्ह सर्जरी. मग ते दिसण्यासाठी का असेना. सगळं जागेवर आहे, ठणठणीत आहे, फक्त आपल्याला आवडत नाही म्हणून बदलायचं, ती कॉस्मेटिक. यांचं नाक कॉस्मेटिक होतं. छान झालं. तुमचा कान रिकन्स्ट्रक्टिव्ह, तोही छान होईल. खाच मिळणार नाही."

भाऊजींची मान ताठ झाली. "ऐकलंस? माझं वेगळं आहे!"

माझी दया तिथल्या तिथे संपली.

दोन्ही ऑपरेशनं पार पडली. शेवटची पट्टी सुटली त्या दिवशी बाईंनी त्यांच्या हातात आरसा दिला. भाऊजी डोळे घट्ट मिटून बसले. ताई म्हणाली, "अहो, उघडा ना." त्यांनी उघडले. कान होता. जरासा फिकट, डोक्यालगत बसलेला. त्यांनी बोटाने कड तपासली, सांधा तपासला, "फिनिशिंग चांगलं आहे" म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. ताई रडली. मीही रडले, लपवायचं कशाला.

मग ते आरसा इकडून तिकडे फिरवायला लागले. त्यांचा उजवा कान पहिल्यापासून सुपासारखा बाहेर आलेला.

"बाई, जोडी जुळत नाही. एक दार लावलेलं, एक सताड उघडं."

"तो तुमचा मूळचा कान आहे. ठणठणीत आहे."

"आहे. पण मला आवडत नाही."

बाईंनी चष्मा काढला. "मग ती कॉस्मेटिक."

भाऊजींनी आरसा मांडीवर पालथा ठेवला. त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात म्हणाले,

"तुला फार दुखलं होतं का गं?"