मातीने खाल्लेले नाणे

चैत्रात कडुनिंबाला मोहोर आला, की त्या मंद कडवट गंधात बोरीच्या बाजारातला एक बारीक, स्वच्छ टणत्कार मला आजही ऐकू येतो. घड्याळदुरुस्तीच्या टपरीत, डोळ्याला भिंग लावून बसलेले कृश, श्वेतकेशी करीमचाचा काचेवर नाणे वाजवून पाहत असत. टाकसाळीच्या चुकीने वेगळी पडलेली नाणी जमवणे हा त्यांचा छंद होता. आणि टाकसाळीची चूक कोणती, माती-पाण्याने केलेली इजा कोणती, हे खरे तेच सांगणे हा जणू त्यांचा धर्म.

माझी धाकटी बहीण मंदा वालूरला दिलेली, नवऱ्याबरोबर दरवर्षी ऊसतोडीला जाणारी. एका हंगामात पाचट जाळलेल्या फडाच्या राखेत तिला पाच रुपयांचे जुने, जाड नाणे सापडले, तांब्यासारखे लाल. असे नाणे लाखांचे असते, हे तिने मोबाईलवर पाहिले होते. फोनवरचा एक अनोळखी माणूस ते घ्यायला तयार होता; आधी नोंदणीचे पैसे मात्र मागत होता. त्यासाठी ती कानातली फुले मोडायला निघाली होती.

"दादा, पुढच्या साली कोयता धरायचा न्हाई मला. लेकरं शाळेत ऱ्हातील," ती म्हणाली.

मी तिला आधी चाचांकडे नेले.

त्यांनी नाणे उन्हात कितीतरी वेळ फिरवले, तसल्याच एका साध्या नाण्याबरोबर तोलून पाहिले. मग भिंग तिच्या हाती दिले. "बघ बेटी. वजन तेवढंच हाय. लाली नुसती वरची. कडेला घासलंय तिथं पांढरा धातू दिसायलाय. अक्षरांत खड्डे पडलेत. टाकसाळीची चूक न्हाई ही. जाळानं अन् मातीनं खाल्लंय त्याला."

मंदाचा चेहरा विझला. पण ती रडली नाही. भिंगातून पाहतच राहिली. त्या पाहण्यात चाचांना काय दिसले कोण जाणे, त्यांनी कडेचा तुकडा नसलेली तीन नाणी तिच्यापुढे मांडली आणि यातले अस्सल कोणते, असे विचारले.

तिने मधले उचलले. "बाकीची दोन नंतर कापलेली हायत. पात्याचा वार दिसतो की. ह्याला वार न्हाई, अन् तुटीच्या समोरची कड बी दबलेली हाय."

चाचा हसले. समोरची कड दबलेली असणे, हीच छाप पडण्याआधीपासून अपुऱ्या असलेल्या चकतीची, म्हणजे टाकसाळीच्या चुकीची खूण. ती ओळखायला त्यांना स्वतःला कित्येक वर्षे लागली होती. "लय बारीक नजर हाय तुझी," ते म्हणाले. "टपरीवर येत जा. घड्याळं शिकवतो."

फुले कानातच राहिली. पुढच्या साली मंदाचा नवरा एकटाच तोडीला गेला, त्याच्या पुढच्या साली तोही गेला नाही. आता वालूरच्या बसथांब्याजवळ मंदाची स्वतःची घड्याळदुरुस्तीची टपरी आहे, आणि मोबाईलवरच्या आशेने लोक तिच्याकडे नाणी घेऊन येतात, तेव्हा ती त्यांना न दुखावता खरे सांगते.

चाचा गेल्याला दोन पावसाळे झाले. अक्षरे झिजवीत जाणारा काळच कधीकधी एका माणसाचे शहाणपण दुसऱ्याच्या बोटांत अलगद उतरवून ठेवतो, आणि मग गेलेल्याची जागा रिकामी वाटत नाही, राबती वाटते.