भिंतीवर उमटलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुना प्रोजेक्टर आहे. शाळेच्या संगणक खोलीत छताला उलटा टांगलेला आहे. अकरा वर्षं अशी लटकून काढली, पण चित्र मात्र एकदाही उलटं दाखवलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

नवा होतो तेव्हा माझा काय थाट होता! पहिल्या दिवशी शिपाईकाकांनी पडदे ओढले, मी भिंतीवर निळा उजेड टाकला आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापक येईल त्या पाहुण्याला मला दाखवायचे. पुढे कौतुक ओसरलं. माझ्या जाळीत धूळ साचली, पंखा घरघरू लागला. "याला दमा झालाय," म्हणून मुलं हसायची. वाईट वाटायचं, पण सांगणार कुणाला?

मला खरी सोबत होती ती संगणकाच्या बाईंची. सादरीकरण कसं करायचं, साधं वेबपान कसं बांधायचं, हे त्या जीव तोडून शिकवायच्या. "स्लाइडवर पाचापेक्षा जास्त ओळी टाकल्यात तर मी सरळ झोप काढेन," असं बजावायच्या. ऑनलाइन कसं वागावं हेही सांगायच्या. रागात काही पाठवू नका, कुणाच्या माघारी वाईट लिहू नका. ऐकून ऐकून मलाही ते पाठ झालं होतं.

एका वर्षी वर्गात एक मुलगी होती. फार हळू बोलायची, म्हणून मुलांनी तिचं नाव कुजबुज ठेवलं होतं. तिने वडिलांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाचं वेबपान केलं होतं. पालकसभेत ते दाखवायचं होतं आणि वडील त्यासाठी दुकान बंद ठेवून येणार होते. तिने आठवडाभर दुसरं काही केलं नाही.

सरावाच्या दिवशी ती दुसऱ्याच वाक्याला अडली. तोंडातून शब्द फुटेना. बाईंनी तिला जागेवर बसवलं आणि आपल्या लॅपटॉपवर शिक्षकांचा व्हॉट्सअॅप गट उघडून भराभर लिहिलं. मी त्याच लॅपटॉपला जोडलेला आहे, याचं त्यांना भानच राहिलं नाही.

"कुजबुजला वगळू या. तिच्याने होणार नाही. बापासमोर उगाच शोभा."

आख्ख्या वर्गाने ते वाचलं. बाईही तिला कुजबुजच म्हणतात, हेही सगळ्यांना कळलं. मला डोळे मिटता येत नाहीत, मित्रांनो. समोर येईल ते मोठं करून दाखवायचं, एवढंच मला येतं. वर्ग गप्प का झाला म्हणून बाईंनी वळून पाहिलं आणि झटकन वायर उपसली. मुलगी दप्तर उचलून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी शिकवायला सुरुवातच केली नाही. मला चालू केलं आणि सगळ्यांसमोर भिंतीवर लिहिलं, "काल मी चुकले. जे तुम्हाला शिकवते तेच मी पाळलं नाही." मग त्या मुलीकडे वळून म्हणाल्या, "कार्यक्रम बिघडेल म्हणून मी घाबरले आणि दोष तुझ्या माथी मारला. मला माफ कर, बाळा."

तिने मांडीवरचं दप्तर बाकावर ठेवलं. मग म्हणाली, "मला सगळं येतं, बाई. सगळे माझ्याकडे बघतात ना, तेव्हा अडतं."

"मग कसं करू या?"

"मी मागे उभी राहते. सगळे भिंतीकडे बघतील. पण हा प्रोजेक्टर किती घरघरतो, माझा आवाज पोचणार नाही."

पालकसभेच्या आदल्या दिवशी ती वडिलांचा घड्याळं साफ करायचा बारीक ब्रश घेऊन आली. शिपाईकाकांनी मला खाली उतरवलं आणि तिने माझ्या जाळीतली धूळ कोपऱ्याकोपऱ्यातून काढली. इतक्या मायेने मला कुणी हात लावला नव्हता. सभेआधी मला पुन्हा छताला टांगलं. सभेत मी श्वाससुद्धा जपून घेतला. ती अंधारात, माझ्याखाली उभी राहून बोलली. दोनदा अडली, पण पुन्हा बोलू लागली. शेवटच्या रांगेत तिचे वडील मान हलवत ऐकत होते.

मित्रांनो, आम्हा यंत्रांची धूळ अधूनमधून पुसत जा, आम्ही पुष्कळ वर्षं साथ देऊ. आणि कुणाविषयी लिहाल तेव्हा ते भिंतीएवढं झालंय आणि ते माणूस पहिल्या बाकावर बसलंय, असं समजून लिहा. बाईंची ती ओळ भिंतीवरून क्षणात गेली. त्या मुलीच्या मनातून गेली की नाही, ते मला आजही माहीत नाही.