दर खांबाला थांबा

“शीर्षक, पातळी एक. स्वस्त डोळ्यांचं ऑपरेशन,” फोनमधली बाई म्हणाली. अप्पांनी बोट सरकवलं. “शीर्षक, पातळी एक. खात्रीचं डोळ्यांचं ऑपरेशन.” पुन्हा बोट. “शीर्षक, पातळी एक. जवळचं डोळ्यांचं ऑपरेशन.”

“काय गं, हा दवाखाना आहे की बाजार?”

लेक चहा गाळत होती. तिचा हात तसाच राहिला. दवाखान्याच्या वेबसाइटचं ते पान तिनेच बनवलं होतं.

अप्पांनी जन्मभर बस चालवली. काचबिंदूने दोन्ही डोळे नेले, पण हट्ट काही नेला नाही. बिलं भरणं, औषधं मागवणं, सगळं फोनवर, स्वतःचं स्वतः. फोन त्यांना पान वाचून दाखवायचा आणि बोट ओढलं की मधला मजकूर सोडून थेट पुढच्या शीर्षकावर जायचा. शीर्षकं नीट लावलेली असली की अप्पा सुसाट. आज डोळा ठणकत होता, दवाखान्याची वेळ घ्यायची होती. बराच वेळ बोट चाललं, पण दवाखान्याचा नंबर काही येईना. मग त्यांनी फोन उपडा ठेवला.

“तूच लाव बाई फोन. मला नाही जमत आता.”

अप्पांच्या तोंडून असं तिने कधी ऐकलं नव्हतं.

“तुमचं काही चुकलं नाही, अप्पा.”

“मग कुणाचं चुकलं? दर खांबाला थांबा दिलाय मेल्याने. गाडी पोचायची कधी?”

“मीच दिलाय. साहेबांनी सांगितलं, मी केलं,” ती म्हणाली. “पण फोन मी लावणार नाही. तुम्हीच लावायचा. दुपारपर्यंत कळ काढा.”

साहेब माणूस वाईट नव्हता. चाळिशी उलटलेल्या बाईला त्यानेच आपल्या वेबसाइट बनवणाऱ्या कंपनीत नोकरी दिली होती. पण लोकांनी इंटरनेटवर शोधलं की आपल्या गिऱ्हाइकाचं पान सगळ्यांच्या वर दिसलं पाहिजे, या ध्यासापायी त्याला दुसरं काही सुचत नसे.

“सर, दवाखान्याचं पान मी नीट करतेय,” ऑफिसात शिरताच ती म्हणाली. “ मोठं शीर्षक एकच. त्याखाली उपचार, डॉक्टर आणि वेळ कशी घ्यायची ते.”

“मॅडम, शीर्षकात तो शब्द जितक्या वेळा येईल तितकं पान वर जातं. किती वेळा सांगू?”

“इतके दिवस तसंच ठेवलंय. गेलं का वर?”

“जाईल.”

“सगळ्याच ओळी मोठ्या केल्यावर पान नेमकं कशाचं आहे, हे त्या शोधयंत्राला तरी कसं कळणार?”

“हे तुमच्या वडिलांसाठी चाललंय ना? अहो, न दिसणारे असे किती लोक येतात त्या पानावर?”

“डोळ्यांचा दवाखाना आहे, सर.”

शेजारच्या टेबलावर कुणीतरी फिसकन हसलं. साहेबाचे कान लाल झाले.

“पानाला हात लावलात तर उद्यापासून येऊ नका.”

घर तिच्याच पगारावर चालत होतं. तरी ती जागेवर जाऊन बसली. तिने एकेक खोटं शीर्षक काढून साधी ओळ केली. खरी शीर्षकं क्रमाने लावली, पान वेबसाइटवर चढवलं, आपला कप धुऊन पिशवीत टाकला आणि साहेबासमोर उभी राहिली.

“जुनं हवं असेल तर परत लावा. पण तुमच्या हाताने लावा, माझ्या नाही.”

वाटेत ती जवळजवळ पळतच होती. साहेबाने खरंच परत लावलं तर?

अप्पा खुर्चीतच होते. “उघडा पान,” ती दारातूनच म्हणाली.

बोट सरकलं. “शीर्षक, पातळी दोन. उपचार.” “शीर्षक, पातळी दोन. डॉक्टर.” “शीर्षक, पातळी दोन. वेळ घेण्यासाठी फोन.”

अप्पा ताठ बसले आणि त्यांनी नंबर लावला. पलीकडून आवाज आला तशी ती काहीतरी सुचवायला पुढे झाली. त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. नाव सांगितलं, तक्रार सांगितली, उद्या सकाळची वेळ ठरवली.

“उद्या मी येते बरोबर.”

“आणि ऑफिस?”

तिने पिशवीतून कप काढून टेबलावर ठेवला. फोन ठेवताना अप्पांचा हात टेबलावरच्या कपाला लागला. त्यांनी तो चाचपला. रोजच्या वापरातला नव्हता. कानाजवळचा टवका त्यांच्या बोटाला लागला, आणि तिने ऑफिसला नेलेला कप त्यांनी ओळखला.

मग भिंतीला हात लावत ते उठले.

“बस तू,” ते म्हणाले. “चहा मी टाकतो.” आणि तोच कप घेऊन स्वयंपाकघरात गेले.