रात्रपाळीचे मार्क

वॉर्डात दोघींना खऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. उंच ती लंबू, बुटकी ती चिमणी. दोघी नर्स. वॉर्डप्रमुखाच्या परीक्षेसाठी दोघींनी एकच क्लास लावलेला. फरक एवढाच, की लंबूला दिवसपाळी होती आणि चिमणीच्या वाट्याला वर्षभर रात्रपाळीच आली होती.

क्लासची सराव परीक्षा रविवारी सकाळी असे. लंबू अंघोळ करून, पोटभर खाऊन यायची. चिमणी यायची ती थेट ड्यूटीवरून, अंगाला औषधांचा वास घेऊन. प्रश्न वाचता वाचता ओळी एकमेकींवर चढायच्या. लंबूला दर वेळी पंचाहत्तरच्या आसपास मार्क पडत. चिमणीची गाडी पंचावन्नच्या पुढे ढिम्म सरकेना. पास व्हायला साठ लागत.

क्लासचे सर एकदा तिला बाजूला घेऊन म्हणाले, "सरावात जे पडतात, तेच परीक्षेत पडतात. दोन-चार इकडेतिकडे. इतकी वर्षं बघतोय मी. यंदा राहू द्या, बाई. उगाच जिवाला घोर."

तिनं घरी सांगितलं. नवरा लेकीची वेणी घालत होता. "मग सोडून दे ना. किती ओढशील?" तो म्हणाला. बोलणं मायेचंच होतं, पण ते ऐकून ती आणखीच थकली.

परीक्षेच्या आदल्या दिवशीही तिची रात्रपाळी लागली. तिनं सुट्टी मागितली, तर मेट्रनबाईंनी मान वर न करता सांगितलं, "बदली माणूस आण आणि जा."

"मी करते," लंबू म्हणाली.

"वेड लागलंय का? उद्या तुझाही पेपर आहे."

"माझे पंचाहत्तर कुठं पळून जातात? एका रात्रीनं फार तर पाच कमी होतील. तू झोप. आरशात तोंड बघितलंस का?"

चिमणी एकदा नाही म्हणाली. लंबूनं पुन्हा आग्रह केला, तेव्हा तिच्या तोंडून नकार बाहेरच पडला नाही. घरी जाऊन ती मेल्यासारखी झोपली.

सकाळी पेपर हातात आला आणि ओळी जागच्या जागी राहिल्या. उत्तरं आपसूक आठवत गेली. पुढच्या बाकावर लंबू होती. रात्री दोन अत्यवस्थ पेशंट आले होते, तिला टेकायलाही मिळालं नव्हतं. तिची मान हळूहळू खाली जायची, दचकून वर यायची.

निकाल लागला. चिमणीला बहात्तर, लंबूला चोपन्न.

लंबूनं मोबाइलवरचा आकडा पुन्हा एकदा वाचला आणि हसली. "हे तर तुझे मार्क आहेत गं! माझ्या नावावर कसे आले?"

चिमणीला रडूच कोसळलं.

सरांचा फोन आला. "बघा, सराव कामी आला शेवटी!"

"सर, दर रविवारी तुम्ही माझी झोप तपासत होता," ती म्हणाली. सरांना ते कळलं नाही. समजावण्याइतकं त्राण तिच्यात नव्हतं.

पुढच्या महिन्यात वॉर्डाची जबाबदारी तिच्याकडे आली. ड्यूट्या लावताना तिनं लंबूला रात्रपाळीतून पार वगळलं. तक्ता भिंतीवर लागताच लंबू तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"हे काय लावलंयस?"

"पुढच्या वर्षी तुला परीक्षा..."

"देणार आहे, असं मी म्हटलंय का? बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? सगळ्यांसारखं लाव." तिचा आवाज चढला नव्हता, पण थकलेला होता. "आणि माझ्याकडे असं अपराध्यासारखं बघू नकोस बाई. त्यानं मला जास्त दमायला होतं."

चिमणीनं तक्ता काढला आणि लंबूच्या नावापुढे इतरांएवढ्याच रात्री लिहिल्या. पहिली रात्र त्याच आठवड्यात होती. लंबूनं ती वाचली, मान डोलावली आणि सलाइन बदलायला निघून गेली.