आर्व्होचं झाड

लेनीने नकाशाच्या तीन कोपऱ्यांवर कॉफीचा मग, साखरेचं भांडं आणि स्वतःची टोपी ठेवली, आणि चौथ्या कोपऱ्यावर रेनोचा हात उचलून ठेवला. रेनोने तो तिथेच राहू दिला.

"हा बघ ओढा," लेनीचं बोट निळ्या रेघेवरून सरकलं. "ही सीडरच्या झाडांची दलदल. आणि हा चढ. हरणं दिवसभर दलदलीत पडून राहणार आणि संध्याकाळी ओकची फळं खायला वर येणार. बरोबर?"

"हो."

"म्हणजे मी खाली ओढ्याशी. तू आर्व्होच्या झाडावर."

"हो."

"आणि वारा फिरला तर?"

"हो," रेनो म्हणाला.

लेनीने बोट उचललं. "अरे, वारा फिरला तर काय, असं विचारतोय मी. लग्न करशील का, असं नाही विचारलं."

ओट्याशी उभी असलेली रेनोची बायको डॉरीन हसली. रेनोही हसला, पण जरा उशिराने. हसायची वेळ झाली आहे याची कुणीतरी आठवण करून द्यावी तसा.

मार्चमध्ये छपरावरचा बर्फ खाली ओढता ओढता आर्व्हो अंगणात बसला, तो उठलाच नाही. रेनोचा थोरला भाऊ. चर्चमध्ये खुर्च्या मांडल्या त्या रेनोने, बाहेर गाड्यांसाठी बर्फ बाजूला केला तो रेनोने, आणि शर्लीला, म्हणजे भावजयीला, हाताला धरून थडग्यापर्यंत नेलं तेही रेनोनेच. लोक म्हणाले, रेनो कांगास खंबीर माणूस. रस्तेखात्याच्या गॅरेजमध्ये दुसऱ्या दिवशी तो कामावर हजर होता. त्याला स्वतःला त्यात खंबीरपणा काही दिसला नव्हता. दातांच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गालाचं जसं होतं, तसं त्याचं सगळ्याचंच झालं होतं. गाल आहे हे ठाऊक असतं, एवढंच. एकदा गॅरेजमध्ये कुणी नसताना त्याने आर्व्होचं तिथेच राहिलेलं जुनं जाकीट खुंटीवरून काढून नाकाशी धरलं होतं. लाकडाचा भुसा आणि तंबाखू. त्याने ते पुन्हा खुंटीला लावलं आणि ट्रकचं तेल बदलायला घेतलं.

धनुष्याच्या शिकारीचा हंगाम ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला उघडतो. दोघा भावांचा शिकारीतला जुना सोबती लेनी ऑगस्टपासूनच मागे लागला होता. "आर्व्होसाठी जायलाच हवं," तो म्हणत होता, आणि त्यावर नाही म्हणण्यासारखं रेनोला काही सापडत नव्हतं. त्याने धनुष्य काढलं, दोरीला मेण लावलं, घरामागे पेंढ्याचा गठ्ठा उभा केला. रोज कामावरून आल्यावर तो बाण सोडायचा. बाण बरोबर मधल्या ठिपक्यात जायचे. तो ते उपटून आणायचा आणि पुन्हा सोडायचा. खिडकीतून डॉरीन बघत असायची. एवढी चांगली नेमबाजी त्याला आयुष्यात कधी जमली नव्हती, हे तिने शर्लीला फोनवर सांगितलं.

"रविवारी जाऊन मचाण बांधून येऊ," लेनी नकाशाची घडी घालत म्हणाला. "आता झाडं पानांनी भरलेली आहेत, तोवरच. डॉरीन, तुझ्या हातच्या त्या बटाटा-खिमा भरलेल्या पॅस्ट्या दे बांधून. माझ्या बायकोच्या पॅस्टीने मागच्या वर्षी दात हलला माझा."

"तिला सांगू हे?"

"सांग की. तिलाही माहीत आहे."

रविवारी सकाळी दोघं ट्रकने निघाले. मातीच्या रस्त्याच्या शेवटी, जिथून पुढे सरकारी जंगलच सुरू होतं, तिथे एक लाल गाडी उभी होती. लेनीने तिच्याकडे बघून नाक मुरडलं. नेच्याची पानं कडेने तांबूस व्हायला लागली होती. चालताना पॅण्टला घासून त्यांचा कोरडा आवाज येत होता. लेनी पुढे, खांद्यावर लोखंडी मचाण आणि पट्टे, रेनो मागे. चढावर ताज्या लेंड्या दिसल्या, एका कोवळ्या झाडाची साल नराने शिंगं घासून सोललेली दिसली. "बघ, बघ!" लेनी कुजबुजला. रेनोने बघितलं.

आर्व्होचं झाड म्हणजे चढाच्या माथ्यावरचा एक जुना पांढरा पाईन. खोड सरळ, आणि माणसाच्या तिप्पट उंचीवर दोन फांद्या अशा फुटलेल्या की मधल्या बेचक्यात मचाण चपखल बसावं. रेनोचं झाड त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर, उताराला.

पाईनवर मचाण होतं. नवं कोरं, हिरव्या रंगाचं, दोन पट्ट्यांनी आवळलेलं.

लेनीने खांद्यावरचं ओझं खाली टाकलं. "हे कोण लेकाचं?" तो म्हणाला. "इतकी वर्षं! इतकी वर्षं हे आर्व्होचं झाड आहे." त्याने खिशातला चाकू काढला.

"लेनी."

"पट्टे कापतो. मचाण खाली ठेवतो नीट. चोरत तर नाहीये मी."

"सरकारी जंगल आहे," रेनो म्हणाला. "झाड कुणाच्या नावावर नसतं."

"तुला काहीच वाटत नाही का रे?" लेनीचा आवाज चढला. "एखादा दगडसुद्धा..." बोलता बोलता तो थांबला. रेनो त्याच्याकडे शांतपणे बघत होता. प्रश्न रास्त होता, आणि त्याचं उत्तर त्याला ठाऊक होतं.

तेवढ्यात खालून कुणाची तरी चाहूल लागली. एक बाई वर येत होती, चाळिशीची, केस टोपीत कोंबलेले, हातात फांद्या छाटायची कात्री. चाकू बघून ती जागच्या जागी उभी राहिली.

"ते माझं आहे," ती म्हणाली.

"मचाण तुमचं असेल, बाई. झाड आमच्या माणसाचं आहे."

"झाड कुणाचंच नाही. पण तुम्ही म्हणताय म्हणून सांगते, ज्यांचं होतं त्यांनीच मला दिलंय."

"ते कसं देतील? ते वारले!" लेनी ओरडला. त्याला स्वतःचाच आवाज सहन झाला नसावा. त्याने चाकू मिटला, खाली टाकलेलं मचाण उचललं, आणि "मी ओढ्याकडे दुसरं झाड बघतो," असं रेनोला म्हणून तो तडक खाली उतरला. बराच वेळ त्याच्या पावलांखाली काटक्या मोडत राहिल्या.

बाईने टोपी काढली. "वारले? आर्व्हो?"

"मार्चमध्ये."

"अरे देवा." ती पाईनच्या मुळावर बसली. मग ओळख द्यायची राहिली हे लक्षात येऊन म्हणाली, "मी रोंडा. शाळेची बस चालवते, तळ्याच्या पलीकडच्या गावात. मागच्या वर्षी हंगाम संपताना मी खाली दलदलीत वाट चुकले. अंधार पडायला आलेला. मी मूर्खासारखी गोल गोल फिरत होते. त्यांनी झाडावरून उतरून मला रस्त्यापर्यंत आणून सोडलं. सगळी वाट गप्पा मारत होते, म्हणजे मी घाबरू नये म्हणून."

रेनोला ती संध्याकाळ आठवली. तो ट्रकमध्ये वाट बघत बसला होता आणि आर्व्हो फार उशिरा आला होता. हातमोजा हरवला होता, शोधत होतो, असं म्हणाला होता. दोन्ही हातमोजे त्याच्या हातात होते.

"तेव्हाच म्हणाले, पुढच्या वर्षीपासून माझं झाड तू घे. मी म्हटलं, आणि तुम्ही? तर म्हणाले, मला कंटाळा आलाय बसून बसून. कित्येक वर्षांत बाण सोडावासाच वाटलेला नाही. हरीण खालून जातं, मी बघत बसतो." ती जराशी हसली. "मी म्हटलं, मग येता कशाला? तर म्हणाले, धाकट्या भावासाठी. वडील गेले तेव्हा तो शाळेत होता. कुणाशी बोलेना, जेवेना. मी त्याला इथे घेऊन आलो, आणि इथे आल्यावर जरा माणसात आला. तेव्हापासून येतोय. त्याला या जंगलाचं वेड आहे. आता मी येत नाही म्हटलं तर त्याचं मन मोडेल."

रेनो उभा होता तसाच उभा राहिला. पाईनच्या सालीवरून एक काळी मुंगी वर चढत होती. तो तिच्याकडे बघत होता.

"उन्हाळ्यात सांगतो त्याला, असं म्हणाले होते. राहूनच गेलं असेल." रोंडाने वर बघितलं. "तो भाऊ कसा आहे आता?"

"बरा आहे."

"त्याला सांगाल का माझा निरोप? त्याला हवं असेल तर मी मचाण काढून नेईन. आजच नेईन. मला माहीत नव्हतं."

"नको," रेनो म्हणाला. "राहू दे." मग तो म्हणाला, "सकाळी इथे वारा माथ्यावरून खाली वाहतो. त्यामुळे वरच्या वाटेने येऊ नका, तुमचा वास आधी पोचतो. ओढ्याकडून चढून या. आणि तो खालचा पट्टा अजून एक भोक आवळा."

त्याने स्वतःच पुढे होऊन पट्टा आवळला. रोंडा त्याच्या हातांकडे बघत होती, मग तिने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि काहीतरी विचारायला उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

परतताना लेनी बराच वेळ गाडीच्या काचेतून बाहेर बघत होता. डांबरी रस्ता लागल्यावर तो म्हणाला, "चिडायला नको होतं मी. पण आर्व्होने असं झाड देऊन टाकलं असेल? त्या बाईला? आपल्याला न विचारता? खोटं बोलतेय ती."

"खोटं नाही बोलत."

"तुला काय माहीत?"

रेनोने गिअर बदलला. लेनीने मांडीवरचं पुडकं सोडून पॅस्टी बाहेर काढली, मोडली आणि अर्धी त्याच्यापुढे धरली. रेनोने एका हाताने ती घेतली. ती थंड झाली होती, बटाट्यात मिरी जरा जास्त पडली होती. मिरी जास्त आहे हे त्याला जाणवलं, आणि ते जाणवल्याचं त्याला नवल वाटलं.

"ओढ्याशी एक हेमलॉकचं झाड आहे," लेनी तोंडात घास असतानाच म्हणाला. "तिथे बांधलंय मी मचाण. तुझं तुझ्या नेहमीच्या झाडावर बांधू पुढच्या रविवारी. येशील ना?"

"बघू," रेनो म्हणाला.

एवढ्या दिवसांत लेनीच्या कुठल्याही बेताला त्याने हो सोडून दुसरं काही म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती. लेनीने वळून त्याच्याकडे बघितलं आणि पॅस्टीचा उरलेला तुकडा तोंडात टाकला.

घरी डॉरीन मागच्या पायरीवर बसून घेवड्याच्या शेंगा मोडत होती. ऊन कलतं झालं होतं. रेनो तिच्या शेजारी बसला आणि बुटांच्या नाड्या सोडायला वाकला.

"ठरलं का सगळं?" तिने विचारलं.

"आर्व्होच्या झाडावर एका बाईचं मचाण आहे. त्यानेच दिलंय तिला ते झाड."

डॉरीनचे हात थांबले. "आर्व्होने?"

"कंटाळला होता तो. कित्येक वर्षं. माझ्यासाठी येत होता." त्याने एक बूट काढला आणि हातात तसाच धरून ठेवला. "मला वेड आहे म्हणे जंगलाचं."

शेंगांचं पातेलं डॉरीनने हळूच बाजूला सरकवलं.

"माझे पाय गारठायचे गं," रेनो म्हणाला.

"काय?"

"तिथे, झाडावर. दर वर्षी. बोटं आहेत की नाहीत तेच कळायचं नाही. उजाडल्यावर मी पहिली गोष्ट काय करायचो, तर आर्व्हो खाली उतरतोय का ते बघायचो. तो उतरला की मला उतरता येईल म्हणून. आणि तो बसूनच राहायचा." त्याने बुटाची नाडी बोटाला गुंडाळली. "जाड मोजेसुद्धा नाही घेतले कधी. त्याला कळलं असतं. त्याला वाटलं असतं, याला थंडी सोसत नाही, याला आवडत नाही इथे. डॉरीन, एवढी थंडी असायची. एवढी थंडी. मला घरी यायचं असायचं."

"मग सांगायचंस ना त्याला."

रेनोने हातातल्या बुटाकडे बघितलं.

"सांगणार होतो," तो म्हणाला. पुढे आणखी काहीतरी म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण शब्द आलाच नाही. जे आलं ते आत कुठूनतरी फार खालून आलं, आणि शेजारच्यांचा कुत्रा कान टवकारून कुंपणापाशी उभा राहिला. डॉरीनने रेनोच्या हातातला बूट काढून घेतला आणि त्याचा मोज्यातला पाय उचलून आपल्या मांडीवर ठेवला.