सॉसचा उतार

डब्यातल्या गोठलेल्या सॉसचा पृष्ठभाग तिरका होता. डाव्या कडेला सॉसची उंची दोन सेंटिमीटर, उजव्या कडेला साडेतीन. डबा फ्रीजरच्या सपाट कप्प्यावर सरळ ठेवलेला होता.

सप्टेंबरातला रविवार होता. फ्रीजरमध्ये साचलेला बर्फ काढायचा म्हणून मी सामान बाहेर काढत होतो, तेव्हा मटारच्या पिशव्यांमागे हा डबा सापडला. झाकणावरच्या चिकटपट्टीवर माझ्या सुनेचं, मेघनाचं, अक्षर होतं : 'टोमॅटो-लसूण, क्रीम घालून. ९ मार्च.' तो मार्चमध्येच कचऱ्यात जायला हवा होता. उरलेले तिन्ही डबे टाकायला मी सांगितलं होतं. माझ्या बायकोने, जयवंतीने, दोन टाकले आणि तिसरा मागे सरकवून ठेवला. मी कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली की टोमॅटो मेघनाच्या वडिलांच्या वाडीतले होते, वटारहून त्यांनी स्वतः आणून दिले होते. टाकायला हात धजला नाही.

नऊ मार्चला माझी नात सुरुची पाच वर्षांची झाली. इमारतीतल्या मुलांसाठी मेघनाने पास्ता केला आणि उरलेला सॉस चार चपट्या डब्यांत भरून, डबे स्टीलच्या ताटावर मांडून फ्रीजरमध्ये ठेवला. पुढच्या शनिवारी जयवंती आणि मी शिमग्याला गावी गेलो. मेघना, सुरुची आणि माझा मुलगा उमंग आदल्या दिवशीच वटारला गेले होते. आम्ही सोमवारी परतलो, ते मंगळवारी. गुरुवारी मेघनाने एक डबा काढला, सॉस उकळला आणि सुरुचीला पास्ता दिला. चार तासांत मुलीला उलट्या सुरू झाल्या. तीन दिवस ती सलाइनवर होती.

अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत मी चौतीस वर्षं काम केलं आहे. निष्कर्ष मी रुग्णालयाच्या बाकावर बसूनच सांगितला : सॉस गरम असतानाच झाकला गेला, आतला भाग तासन्‌तास कोमट राहिला, तेवढ्यात जंतू वाढले, त्यांनी सोडलेलं विष नंतर उकळूनही जात नाही. मेघना म्हणाली की पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून सॉस पूर्ण थंड केला होता. कोणी पाहिलं, असं मी विचारलं. जयवंतीने पाहिलं होतं. डोळे म्हणजे तापमापक नव्हे, असं मी म्हणालो.

मग मेघनाने एकच प्रश्न विचारला.

"मधल्या दिवसांत फ्रीज कधी बंद होता का, बाबा?"

"अकरा वर्षांत तो फ्रीज एकदाही बंद पडलेला नाही," मी म्हणालो. "सबबी शोधू नकोस."

रुग्णालयातून ती सुरुचीला घेऊन थेट वटारला गेली. एप्रिलमध्ये उमंगने विरारला भाड्याने जागा घेतली. मी एकदा फोन केला, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "कारण सापडलं की कळवा, बाबा. तोवर सुरुची त्या घरात येणार नाही." कारण मी सांगितलेलंच आहे, असं मी उत्तर दिलं. तेव्हापासून जयवंती दर गुरुवारी विरारला जाते. मला सुरुची सहा महिन्यांत भेटलेली नाही.

आता डबा माझ्यासमोर होता. गोठलेला पदार्थ वाहत नाही. पृष्ठभाग तिरका आहे, याचा अर्थ डबा कलता असताना आतला सॉस पातळ होता आणि डबा कलता असतानाच तो पुन्हा गोठला. ताटावर मांडलेला डबा पहिल्या वेळी असा गोठणं शक्य नव्हतं. डबा कधी कलता होता, एवढंच शोधायचं होतं.

जयवंतीला विचार करावा लागला नाही. गावी निघताना आम्ही फ्रीज रिकामा करून दूध आणि भाजी समोरच्या हिल्डाला दिली होती. तिने आम्हाला रिकाम्या हाताने न पाठवता खवलेल्या नारळाची पिशवी दिली.

"फ्रीजरमध्ये जागा नव्हती. तुम्हीच ती वरच्या डब्याखाली एका बाजूने कोंबलीत," जयवंती म्हणाली. "मंगळवारी सकाळी आमटीला काढली, तर खोबरं आंबलेलं. मी हिल्डाला तसं बोललेसुद्धा. तेव्हापासून ती नारळ देत नाही."

म्हणजे डबा शनिवार सकाळपासून मंगळवार सकाळपर्यंतच कलता होता. मला प्रथम सुचला तो वीजपुरवठा. त्या दिवसांत इमारतीची वीज गेली असेल, तर दोष कोणाचाच नव्हता. ही शक्यता मला आवडली, हे नोंदवायला हवं. मी समोरचं दार वाजवलं.

हिल्डा मला आत या म्हणाली नाही. "लाइट गेली असती तर माझी कोलंबी राहिली असती काय, सर? फ्रीजर भरलेला होता, काही झालं नाही तिला." दार लावताना तिने आणखी एक वाक्य जोडलं. "आणि खोबरं त्याच सकाळी खवलेलं. आंटींना सांगा."

घरी परतलो तेव्हा जयवंती स्वयंपाकघरात उभी होती. गावाहून आलो त्या संध्याकाळी फ्रीजखाली पाणी होतं, ते आपण पुसलं, असं तिने सांगितलं. मी तेव्हा म्हणालो होतो की हवा दमट आहे. ती हे बोलत असताना मी ओव्हनवरचं घड्याळ पाहत होतो. त्या सोमवारी पायांतले बूट काढण्याआधी मी त्या घड्याळाची वेळ लावली होती. गावाहून आलो की दर वेळी लावतो, कारण दर वेळी त्यावर शून्यं लुकलुकत असतात. ती का लुकलुकतात, हे मला चांगलं माहीत आहे.

गावी निघताना सिलिंडर, नळ आणि मेन स्विच बंद करायचा, हा क्रम वडिलांनी लालबागच्या खोलीत घालून दिला. आमच्या इमारतीतली कोकणातली सगळी कुटुंबं तो पाळतात. फ्रीज रिकामा करायचा तो त्याचसाठी. एरवी गावी निघताना आमच्या फ्रीजरमध्ये बर्फाखेरीज काही नसे. बर्फाचं पाणी होऊन पुन्हा बर्फ झाला, तर पाहणाऱ्याला फरक कळत नाही.

"आता तिला काय सांगणार?" जयवंतीने विचारलं.

मी डबा टेबलावर ठेवला, मोबाइल घेतला आणि मेघनाला लिहिलं :

'कारण सापडले. १५ मार्चला सकाळी सहा वाजता गावी निघताना मी घराचा मेन स्विच बंद केला आणि १७ मार्चला संध्याकाळी पाच वाजता चालू केला. फ्रीजर एकोणसाठ तास बंद होता. त्या काळात सॉस वितळला, खराब झाला आणि नंतर पुन्हा गोठला. तू तो नीट थंड करूनच ठेवला होतास. फ्रीज बंद होता का, असे तू विचारलेस, तेव्हा मी आठवून पाहिले नाही.'