जेवणाच्या सुट्टीतलं अंतर्ज्ञान

बंगळुरूच्या मारतहळ्ळीतल्या आमच्या ऑफिसात, सहाव्या मजल्यावर, मीटिंगच्या खोलीबाहेर चाळीस इंजिनिअर अनवाणी रांगेत उभे होते. आत भीमाचार्य महाराज. मॅनेजर श्रीहर्ष त्यांना दर शुक्रवारी 'मनःशांती'साठी बोलावत.

महाराज कपाळावर अंगठा टेकवून मनातलं सांगत. कार्तिक दुसरी नोकरी शोधतोय, हे त्यांनी ओळखलं आणि आठवड्यात त्याची खुर्ची रिकामी झाली. तेव्हापासून लोक विचारसुद्धा जपून करू लागले.

शेजारच्या टेबलावरची उल्का पुण्याची. तिला फिट येतात, हे ऑफिसात फक्त मला ठाऊक होतं. त्या शुक्रवारी ती पांढरीफटक होऊन बाहेर आली.

"दयाअण्णा, महाराजांनी माझ्या गोळीचं नाव सांगितलं. म्हणाले, 'बेटी, हा आजार नाही, बाधा आहे. गोळ्या सोड.'"

"डॉक्टरांना विचार आधी."

"डॉक्टरांना रिपोर्ट लागतात. यांना न सांगता कळलं."

तिनं गोळ्या सोडल्या. मला राग आला आणि भीतीही वाटली.

मी बेळगावचा, पेशानं टेस्टर. मुद्दाम खोटी माहिती आत घालायची आणि बाहेर काय येतं ते बघायचं, ही आमची रीत. कंपनीत दिवसभर खाजगी इंटरनेटला बंदी, पण जेवणाचा तास मोकळा. "हा तास तुमचा," श्रीहर्ष म्हणत. मग घर, नोकरी, दुखणी, सगळं लोक त्या तासात ऑफिसच्याच लॅपटॉपवर शोधत. मीही तिथं टाइप केलं: 'मृत पत्नीचा आत्मा कसा शांत करावा?' माझा खरा दुखरा गुडघा मात्र स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या डेटावर शोधला.

पुढच्या शुक्रवारी अंगठा माझ्या कपाळावर आला.

"बच्चा, तुझी पहिली पत्नी घर सोडत नाही. रोज उशाशी बसते."

"सरी, बरं महाराज. पण माझं लग्नच झालेलं नाही. गुडघ्याचं काही दिसतंय का?"

महाराजांनी शेजारी बसलेल्या श्रीहर्षकडे पाहिलं. मी त्यांच्या मांडीवरची शाल उचलली. खाली छापील यादी होती: नाव, वेळ आणि कोणी काय शोधलं ते. माझी मृत पत्नी त्यात होती. उल्काची गोळीही होती.

श्रीहर्ष शांतपणे म्हणाले, "लॅपटॉप कंपनीचा आहे. नजर ठेवायला तुम्हीच सही करून परवानगी दिली आहे."

उघड्या दारातून सगळं पाहणारे रांगेतले दोघे तरीही महाराजांच्या पाया पडले. हे बघायला उल्का नव्हती. त्याच सकाळी ती बसस्टॉपवर कोसळली होती.

मी यादी घेऊन हॉस्पिटलात गेलो. डोक्याला पट्टी बांधलेल्या उल्कानं आपली ओळ दोनदा वाचली.

"म्हणजे त्यांना मीच सांगितलं होतं," ती म्हणाली.

कंपनीनं कामाच्या वेळी इंटरनेट जरूर आवरावं, पण काय बघते ते उघड सांगावं. आणि कुणी तुमच्या मनातलं ओळखलं, तर पाया पडण्याआधी विचारा, "तुला हे कुणी सांगितलं?" त्याचं उत्तर मिळेपर्यंत डॉक्टरांची गोळी सोडू नका, आणि मिळाल्यावर तर मुळीच सोडू नका.